दोन इंचांचा हिशेब

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, पेढीवरची धावपळ जराशी ओसरते आणि घरातील एखादा तरुण जेवताना हळूच विषय काढतो, "अण्णा, यंदा जूनमध्ये स्पितीला गाडी घेऊन जायचे म्हणतो. फक्त त्याआधी गाडी दोन इंच उचलून घ्यावी लागेल." शोरूममधून आणलेली, हप्ते अजून चालू असलेली गाडी 'उचलायची' म्हणजे नेमके काय करायचे, हे अण्णांना उमगत नाही. मग ते खर्चाचा आकडा ऐकून साफ नाही म्हणतात, नाहीतर मुलाच्या हौसेखातर हो म्हणतात. ही दोन्ही उत्तरे माल न पाहता दिलेली असतात. आपण एरवी असा सौदा करीत नाही. म्हणून हा माल आज नीट उलटून-पालटून पाहू.

उदाहरणादाखल मारुती सुझुकीची जिम्नी घेऊ, कारण आपल्याकडे उचलल्या जाणाऱ्या लहान गाड्यांत तिचे नाव प्रथम निघते. तिचे घराणे जुने आहे. जपानमध्ये पहिली जिम्नी १९७० साली आली आणि तिचे इंजिन अवघे ३५९ सीसीचे होते. त्याच वंशातील जिप्सी १९८५च्या डिसेंबरात भारतात आली. लष्कर, पोलीस आणि वनखाते यांच्या सेवेत तिने तीन दशकांहून अधिक काळ काढला. १९९९ साली सुरू झालेल्या 'रेड द हिमालय' या शर्यतीत मनालीच्या सुरेश राणा यांनी अनेकदा विजय मिळविला, त्या यशातही जिप्सीचा वाटा मोठा होता. जिप्सीचीच सख्खी बहीण असलेली, बरेच फेरफार केलेली सुझुकी सामुराई २००७ साली चिलीच्या दोघा चालकांनी ओहोस देल सालादो या ज्वालामुखी पर्वतावर ६,६८८ मीटरपर्यंत चढविली. तो विक्रम पुढे मोडला गेला. तरी एवढ्याशा गाडीने तो केला होता, याचे नवल वाटतेच.

पाच दारांची जिम्नी भारतात जून २०२३ मध्ये आली. आपल्या बाजारात ती अपेक्षेइतकी खपली नाही. मात्र इथे बनलेली तीच गाडी २०२५च्या जानेवारीअखेर जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा चार दिवसांत सुमारे ५०,००० नोंदण्या होऊन कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. ज्याला आपल्या गावात गिऱ्हाईक नाही त्याला परमुलखात रांगा लागतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल.

ही गाडी डोंगरात चालते ती शिडीसारख्या मजबूत सांगाड्यामुळे, पुढे-मागे असलेल्या ताठ एक्सलमुळे आणि चारही चाकांना ओढ देणाऱ्या यंत्रणेतील 'लो' गिअरमुळे. 'लो' टाकला की चाकांवरची ओढ जवळपास दुप्पट होते आणि गाडीचा वेग निम्म्यावर येतो. याशिवाय तिचे वजन सुमारे १,२०० किलो, म्हणजे तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने कितीतरी कमी आहे. एवढे सारे कंपनीने मुळातच दिलेले असते. मग दोन इंच कशासाठी?

उत्तर गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिल्यावर मिळते. जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर, ज्याला सगळे 'ग्राउंड क्लिअरन्स' म्हणतात, ते जिम्नीत २१० मिलिमीटर आहे. ताठ एक्सलच्या गाडीत हा सर्वांत खालचा भाग म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा लोखंडी गोळा. गाडी उचलताना काय करतात? मूळ स्प्रिंगा काढून उंच स्प्रिंगा बसवितात, किंवा स्प्रिंगेच्या वर एक जाड चकती सारतात, किंवा सांगाडा आणि वरचा साठा यांच्यामध्ये ठोकळे घालतात. तिन्ही प्रकारांत एक्सलच्या वर असलेले तेवढे वर जाते. एक्सल चाकांच्या मध्यावर जखडलेला असल्याने तो जिथे होता तिथेच राहतो, आणि तो गोळाही तिथेच राहतो. म्हणजे दोन इंच उचललेल्या गाडीच्या खालून जो दगड आधी जात नव्हता, तो डिफरन्शियलच्या रेषेत असेल तर आताही जाणार नाही!

एक्सल वर नेण्याचा मार्ग एकच, मोठे टायर. त्याचाही हिशेब करून पाहू. जिम्नीचे मूळ टायर १९५/८० आर १५ या मापाचे असून त्यांचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. हौशी मंडळी त्याजागी बहुधा २३५/७५ आर १५ घालतात, त्यांचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर. फरक ४० मिलिमीटरचा. पण एक्सल चाकाच्या केंद्रावर असल्यामुळे तो निम्माच, म्हणजे २० मिलिमीटर वर जातो. एवढ्या खर्चानंतर त्या लोखंडी गोळ्याखाली बोटभर जागा जमा होते. खरे तर दोन इंचांची उचल बऱ्याच वेळा या मोठ्या टायरांना वरच्या मडगार्डात घासल्यावाचून फिरता यावे, एवढ्यासाठीच करावी लागते.

तरीही उचल निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाडी खाचखळग्यातून जाताना तिचे नाक, पोट आणि शेपूट कुठेतरी टेकत असते. पाच दारांच्या जिम्नीचा पुढचा कोन ३६ अंशांचा आणि मागचा ५० अंशांचा आहे; ते उत्तमच आहेत. तिचे दुबळे अंग पोट आहे. दोन एक्सलांमधील अंतर २,५९० मिलिमीटर असल्याने उंचवटा ओलांडण्याचा कोन २४ अंशांवर आला आहे. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीत हेच अंतर २,२५० मिलिमीटर आणि कोन २८ अंशांचा आहे. मागच्या सीटवरच्या माणसांसाठी लांबी वाढविली, तिची किंमत पोटाने दिली. उचललेली गाडी ही उणीव बरीचशी भरून काढते. सांगाडा खडकावर टेकून चारही चाके हवेत फिरत राहण्याची नामुष्की टळते, ती उचलीमुळेच.

ही झाली जमेची बाजू. आता नावे काय पडते ते पाहू, कारण गॅरेजवाला ही बाजू फारसा उघडून दाखवत नाही.

उचलल्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. आडव्या उतारावर आणि वळणावर ती लवकर कलंडण्याकडे झुकते. पुढचा एक्सल ज्या दांड्यांनी सांगाड्याला धरलेला असतो, ते उचलीमुळे तिरके होतात. पुढच्या चाकांचा मूळचा मागे झुकलेला कोन कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग सैल, भिरभिरते वाटू लागते. एक्सलला आडवा धरणारा दांडा त्याला किंचित एका बाजूस ओढतो. प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलून थरथर सुरू होते. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. चाक पूर्ण खाली लोंबले असता त्या तणावत नाहीत ना, हे प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. टायर मोठे असतील तर वेगमापक ६० दाखवीत असताना गाडी सुमारे ६३च्या वेगाने धावत असते, आणि इंजिनालाही मोठे चाक फिरविण्यासाठी जास्त कष्ट पडतात.

यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. लांब शॉक ॲब्सॉर्बर, दांड्यांचे कोन सुधारणारे बुश, जुळवून घेता येणारा आडवा दांडा, लांब ब्रेकनळ्या हे सारे मिळते. या वस्तू संचात असल्या तर उचल गाडीला मानवते. केवळ चकत्या घालून स्वस्तात केलेली उचल मात्र टाळावी. तिच्यात शॉक ॲब्सॉर्बर मूळचेच राहतात, चाकाला खाली लोंबायला पूर्वीपेक्षा कमी जागा उरते आणि खड्ड्यावर चाक लवकर अधांतरी होते. म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच हरवते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत आवर्जून सांगावीशी वाटते. जिम्नीत जागा चौघांचीच आहे आणि मागची डिकी २०८ लिटरची. चौघे निघाले की बॅगा, पाण्याचे कॅन, फराळाचे डबे टपावरच्या कॅरिअरवर चढतात. दोन इंचांच्या उचलीने गाडी जितकी अस्थिर होत नाही, तितकी टपावर बांधलेल्या या ओझ्याने होते. जड सामान खाली, सीटलगत आणि घट्ट बांधलेले असावे. संयुक्त कुटुंबाची सहल एका जिम्नीत बसत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

कायद्याची बाजूही इथेच पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात दाखल असलेल्या तपशिलापासून वेगळी होईल अशी फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. दुकानात संच उघडपणे विकला जातो, म्हणून तो गाडीवर बसविणे कायदेशीर ठरत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकतो, तेव्हा ही बाब पहिल्यांदा त्याच्या नजरेस पडते. उत्पादकाची वॉरंटीही सस्पेन्शन व एक्सलपुरती तरी धोक्यात येते. तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडून उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर लाखाचा माल उधार देणारे आपल्यात आता किती उरले आहेत?

आता प्रत्यक्ष डोंगराकडे वळू. मनालीहून निघून अटल बोगद्याने, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९ किलोमीटर लांबीच्या मार्गाने, लाहौलमध्ये उतरले की कोकसरहून ग्राम्फूकडे वळावे लागते. तिथून चंद्रा नदीच्या काठाने छत्रू, छोटा दर्रा, बटाल आणि मग कुंझुम खिंड. खिंडीची उंची सुमारे ४,५५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून अधिक. ती साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुली असते. दर वर्षी बर्फ वितळल्यावर हा रस्ता जणू नव्याने मांडला जातो: कुठे गोटे, कुठे वाळू, कुठे रस्त्यावरूनच वाहणारा ओढा.

इथे पहिली परीक्षा इंजिनाची होते. कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. टर्बो नसलेले जिम्नीचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन खाली १०५ अश्वशक्ती देते. इथे त्यातले साठ-पासष्टच हाती राहतात. मोठ्या टायरांनी आधीच भार वाढविलेला असतो. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून इंजिन रेटीत राहिले, तर काही मिनिटांत क्लच जळाल्याचा वास येतो. थांबावे, 'लो' टाकावा आणि गाडीला तिच्या गतीने चढू द्यावे. हाच 'लो' उतारावर ब्रेकचे काम करतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते, आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. मात्र कोरड्या डांबरावर चारही चाकांची ओढ चालू ठेवू नये. वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण गिअरच्या दातांवर येतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. या वाटेवरचे ओढे हिमनद्यांच्या पाण्याचे. सूर्य चढला की बर्फ वितळते आणि दुपारनंतर सकाळच्या ओढ्याची नदी होते. म्हणून मनालीहून पहाटे निघून मोठे ओढे दुपारपूर्वी ओलांडण्याची रीत आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांना ही शिस्त जड जाऊ नये. पाण्यात गाडी घालण्यापूर्वी उतरून पाहावे: तळाला वाळू आहे की गोटे, खोली किती, प्रवाहाचा जोर किती. ज्या पाण्यात माणसाला उभे राहता येत नाही, त्यात गाडीही उभी राहत नाही. कारण पाणी दाराशी पोहोचले की हलकी गाडी तरंगू पाहते. ज्या हलकेपणाने चढावर उपकार केले, तोच इथे उलटतो. उचललेल्या गाडीला येथे थोडा लाभ मिळतो हे खरे, पण तिचा हवा खेचण्याचा मार्ग किती उंचीवर आहे हे मालकाला ठाऊक हवे. इंजिनात पाणी शिरले तर पुन्हा चावी फिरवू नये, गाडी ओढून बाहेर काढावी.

तिसरी गोष्ट टायरमधील हवा, आणि माझ्या मते दोन इंचांपेक्षा हिचे मोल अधिक आहे. सैल गोट्यांवर व वाळूत हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरविली की टायर लांबट पसरतो, जमिनीला अधिक धरतो आणि अणकुचीदार दगडावर फुटण्याऐवजी दबतो. यास खर्च शून्य! पुन्हा डांबर लागताच ती भरण्यासाठी बारा व्होल्टचा लहानसा पंप मात्र जवळ हवा. उंचीचा एक गमतीचा परिणामही ध्यानात ठेवावा. बाहेरच्या हवेचा दाब घटल्याने मनालीत भरलेला टायर कुंझुमवर सुमारे तीन पीएसआय अधिक दाखवितो. थंडी त्यातले थोडे पुन्हा उतरविते. ज्याला थोडाच खर्च करायचा आहे त्याने चांगल्या पकडीचे मूळ मापाचे टायर, हा पंप, गाडीखाली बसविण्याचे संरक्षक पत्रे आणि ओढण्याचा पट्टा एवढेच घ्यावे. ग्राम्फू ते काझा हा मार्ग न उचललेल्या जिम्नीने नीट पार होतो. दोन इंच खरोखर लागतात ते याहून बिकट, खडकाळ वाटांवर.

चढ अर्ध्यावर सुटला तर तिथेच गाडी आडवी वळवू नये. उचललेली तर मुळीच नाही. रिव्हर्स टाकून, ज्या रेषेने वर गेलो त्याच रेषेने सरळ मागे यावे. स्टिअरिंगच्या आतल्या बाजूस अंगठे अडकवू नयेत, दगडावर चाक आपटले की ते फिरून अंगठा पिरगळते. अरुंद वाटेवर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे; नियमही तोच आहे. मनाली ते काझा अंतर सुमारे २०० किलोमीटर. जिम्नीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावते, ते मनालीत काठोकाठ भरावे. पुढचा पंप काझाचा. बटालच्या ढाब्यावर गरम राजमा-भात मिळतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर भरवसा आपल्या खाकऱ्या-दशम्यांच्या डब्यावरच ठेवावा. डोके दुखणे, मळमळ अशी उंचीची लक्षणे दिसली तर पुढे जाण्याचा हट्ट न करता खाली उतरावे. विशेषतः घरातील ज्येष्ठ सोबत असतील तेव्हा.

'ऑफ-रोड' या शब्दाने एक मोठा गैरसमज रुजविला आहे. वाट सोडून कुठेही गाडी घालणे असा त्याचा अर्थ काही मंडळी करतात. मळलेली कच्ची वाट आणि अस्पर्श कुरण यांत फार मोठे अंतर आहे. लाहौल-स्पितीत गवत वाढण्यास वर्षाकाठी तीन-चार महिनेच मिळतात. तिथे चाकाने उमटविलेला चर पुढे कित्येक वर्षे दिसत राहतो आणि पाणी त्यातूनच माती वाहून नेते. जवळचे उदाहरण घ्यायचे तर आपल्या सह्याद्रीत गाड्यांच्या चिखलखेळाचा हंगाम नेमका पावसाळ्यात असतो. हेच ते महिने, ज्यांत आपले साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात, कारण त्या काळात जमिनीच्या ओल्या थरावर असंख्य जीव उपजलेले असतात. अनवाणी, इर्यासमितीने पाऊल टाकणारे मुनी ज्या भूमीवर चालणे टाळतात, तिच्यावर बाराशे किलोची गाडी चारही चाके गरगरवत फिरविणे आपल्या तरुणांना शोभते का, याचा विचार त्यांनी स्वतःच करावा. कासच्या आणि इतर सड्यांवर बोटभर मातीच्या थरात जी वनस्पतिसृष्टी उगवते, ती एका चाकाच्या एका फेऱ्यात संपते. हौस भागविण्यासाठी मळलेल्या घाटवाटा, खाजगी मैदाने, आणि जूनच्या आधीचे कोरडे दिवस आहेत.

बटालहून कुंझुमकडे जाताना डावीकडे चंद्रतालचा फाटा फुटतो. सुमारे ४,२५० मीटर उंचीवरचे हे सरोवर २००५ सालापासून रामसर यादीत संरक्षित आहे. फाट्यापासूनची वाट अरुंद, एका बाजूस खोल दरी असलेली. समोरून गाडी आली तर कुणाला तरी बरेच अंतर मागे सरकावे लागते. रिव्हर्सचा सराव नसलेल्याने ती करू नये. सरोवराच्या अलीकडे वाहनतळ आहे आणि तिथून पायी जावे लागते. दोन इंच उचललेली असो वा चार, गाडी इथेच थांबते.

घरी परतल्यावर गाडी धुऊन फोटो वाटण्याआधी गॅरेजचा एक फेरा करावा. उचललेल्या गाडीचे सस्पेन्शनचे सर्व नटबोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, चाकांचे अलाइनमेंट तपासावे, ब्रेकनळ्यांवर घासल्याच्या खुणा पाहाव्यात. ओढे ओलांडले असतील तर पुढच्या व मागच्या डिफरन्शियलमधील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि ते त्याच दिवशी बदलून घ्यावे.